शेवटच्या दिवसांची सोबत



आज आम्ही तुमच्याशी एका अवघड विषयावर बोलणार आहोत. हा विषय सहसा कोणी काढत नाही. पारावर काढत नाही, चावडीवर काढत नाही, घरात तर मुळीच काढत नाही. जो माणूस आता बरा होणार नाही, त्याची सेवा कशी करायची, हा तो विषय. कोणी काढलाच तर लगेच बाजूचा म्हणतो, "कायले अभद्र बोलता बाप्पा!"

पण मंडळी, आपण पेरणीचे बोलतो, लग्नाचे बोलतो, बाळंतपणाचे बोलतो. मग याच गोष्टीला तोंड का लपवावे? बोलले नाही म्हणून मरण टळत नाही. एवढेच होते की जाणारा माणूस घर भरलेले असूनही एकटा पडतो. म्हणून आज थोडे मन घट्ट करा आणि ऐका.

"आता काही होत नाही"

मोठ्या दवाखान्यातून रोगी घरी येतो. डॉक्टरने सांगितलेले असते, "आता काही होत नाही. घरी न्या." हे शब्द आपल्या जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांनी ऐकले आहेत. कोणी नागपूरहून ऐकून येतो, कोणी सेवाग्रामहून, कोणी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यातून. उमरखेड-महागावकडचा माणूस नांदेडहून ऐकून येतो, वणीकडचा चंद्रपूरहून.

या शब्दांचा अर्थ काय? अर्थ एवढाच की रोग जाणार नाही. पण रोग जाणार नाही म्हणजे काहीच करता येत नाही, असे आहे का? नाही. दुखणे कमी करता येते. जखमेचा वास घालवता येतो. झोप आणता येते. धाप कमी करता येते. अंगाला पडणारे फोड टाळता येतात. मनातली भीती कमी करता येते. घरची विस्कटलेली घडी थोडी नीट लावता येते. म्हणजे करण्यासारखे पुष्कळ आहे.

बैल म्हातारा झाला, औताला चालेना, तरी पोळ्याच्या दिवशी आपण त्याला धुतो, सजवतो, पुरणपोळी खाऊ घालतो. तो उद्या नांगर ओढील म्हणून नव्हे. त्याने जन्मभर ओढला म्हणून. मग ज्या बापाने, ज्या मायने जन्मभर घर ओढले, त्यांना शेवटी कण्हत टाकून कसे चालेल?

अशा रोग्याच्या सेवेला वेदनाशामक सेवा म्हणतात. सरकारी कागदावर तिचे नाव पॅलिएटिव्ह केअर असे असते. आणि अशा रोग्यांसाठी जे खास घर किंवा रुग्णालय असते, त्याला हॉस्पिस म्हणतात.

ही वाट एका समाजसेविकेने काढली

हॉस्पिसची आजची पद्धत कोठून आली, ते ऐका. इंग्लंडमध्ये सिसिली साँडर्स नावाच्या एक बाई होत्या. त्यांचा जन्म १९१८ सालचा. आधी त्या परिचारिका, म्हणजे नर्स झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम झेपेना. मग त्या लंडनच्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. रोग्याच्या घरची चौकशी करायची, त्याची अडचण समजून घ्यायची, हे त्यांचे काम.

तेथे त्यांना डेव्हिड टास्मा नावाचा रोगी भेटला. तो पोलंड देशातून आलेला निर्वासित. त्याला कर्करोग झाला होता. परका देश, जवळ नातलग नाही, आणि मरण समोर. साँडर्सबाई त्याच्याजवळ बसत, त्याचे ऐकून घेत. दोघांचे बोलणे होई की अशा माणसांसाठी निराळी जागा पाहिजे. जिथे दुखणे थांबेल आणि कोणी जवळ बसेल, अशी जागा. १९४८ साली तो वारला. जाताना त्याने आपले ५०० पौंड बाईंच्या हवाली केले. त्या होणाऱ्या घराची एक खिडकी आपली असावी, अशी त्याची इच्छा होती.

पैसा थोडा होता. पण बाईंनी तो शब्द धरून ठेवला. लोक म्हणाले, "दुखणे थांबवायचे तर डॉक्टर व्हा." त्या मोठ्या वयात पुन्हा शिकल्या आणि १९५७ साली डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. मरणाऱ्याच्या खाटेपासून ते घर उभे राहीपर्यंत एकोणीस वर्षे गेली. २००५ साली त्या स्वतः त्याच हॉस्पिसमध्ये वारल्या.

ही गोष्ट सांगण्याचे कारण हे की या कामाची सुरुवात औषधाने झाली नाही. कोणी तरी खाटेजवळ बसले आणि त्याने विचारले, "तुला काय होते?" तेथून झाली.

साँडर्सबाईंनी आणखी एक गोष्ट शिकवली. अशा रोग्याचे दुखणे एक नसते. ते चौपदरी असते. पहिले शरीराचे दुखणे. दुसरे मनाचे. तिसरे घरादाराचे आणि पैशाचे. चौथे जिवाचे, म्हणजे "देवाने मलाच का असे केले?" हे दुखणे. डॉक्टर आणि नर्स पहिल्याला औषध देतात. बाकीच्या तिघांचे काय? तेथे समाजसेवकाचे काम येते.

आपल्याकडे काय आहे

आपल्या देशात पहिले हॉस्पिस मुंबईला झाले. वांद्र्याला १९८६ साली डॉक्टर एल. जे. डिसूझा यांनी शांती आवेदना या नावाने ते सुरू केले. तेथे शेवटच्या अवस्थेतल्या कर्करोग्यांची सेवा पैसे न घेता होते. पुण्याला वारजे येथे सिप्ला केंद्र १९९७ साली सुरू झाले. तेथेही सेवा मोफत असते, आणि घरच्या माणसांनाही सेवा कशी करावी हे शिकवतात. आपल्या जवळ नागपूरला स्नेहांचल ही संस्था अशा रोग्यांची सेवा करते.

केरळ राज्यात तर हे काम गावोगाव गेले. कालिकत शहरात १९९३ साली काही डॉक्टरांनी सुरुवात केली. पुढे गावातल्या साध्या माणसांनी ते अंगावर घेतले. शिक्षक, दुकानदार, रिक्षावाले, घरच्या बाया, सगळे थोडे थोडे शिकले. थोडा थोडा पैसा जमा करू लागले. नर्सला घेऊन घरोघर जाऊ लागले. २००८ साली त्या राज्याने यासाठी सरकारी धोरण केले. केरळच्या गावकऱ्याला जमले, ते वऱ्हाडच्या गावकऱ्याला का जमू नये?

समाजसेवकाचे शिक्षणही आपल्याकडे जुने आहे. मुंबईला १९३६ साली समाजकार्य शिकवणारी टाटांची संस्था निघाली. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. आज मोठ्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक नावाचे पद असते. पुष्कळ लोकांना हे माहीतच नसते. रुग्णालयात गेलात की विचारा, "समाजसेवा अधीक्षक कोठे बसतात?" कागदांची, पैशांची, राहण्याची अडचण असेल तर त्यांच्याकडे जायचे. तो आपला हक्क आहे.

एक घर डोळ्यांसमोर आणा

आता समाजसेवक नेमके करतो काय? ते समजण्यासाठी एक घर डोळ्यांसमोर आणा. घाटंजीकडचे म्हणा, नाही तर दारव्ह्याकडचे. अशी घरे तुमच्या ओळखीची असतील.

घरचा कर्ता पन्नाशीचा. पाच एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर. तरुणपणापासून खऱ्र्याची सवय. गालात जखम झाली, ती भरेना. दाखवायला उशीर झाला. नागपूरला ऑपरेशन झाले, वीज दिली, तरी रोग पुन्हा उलटला. आता तो ओसरीवर खाटेवर आहे. गालाला भोक पडले आहे. वास येतो. शेजारचे येईनासे झाले. नातवाला सून जवळ जाऊ देत नाही. बायकोने रोगाचे नाव त्याला सांगितले नाही. "जखम हाय, भरून येईन," एवढेच ती म्हणते. मुलगी दहावीत होती, ती आईच्या मदतीला शाळा सोडून घरी बसली. मुलाच्या कानावर आले आहे की दूर एक वैदू आहे, तो चाळीस हजारांत हमखास बरे करतो. मुलगा दोन एकर विकायच्या विचारात आहे.

पाहा, रोग एकाला झाला आणि घर सगळे आजारी पडले.

या घरी समाजसेविका येते. तिच्यासोबत नर्स आहे. समाजसेविका आधी वही काढत नाही. ती खाटेजवळ बसते. वासाने तोंड फिरवत नाही. विचारते, "बाबा, आज सगळ्यांत जास्त त्रास कशाचा होतो?"

तो म्हणतो, "रातची झोप नाही, ताई. कानापर्यंत ठणकते."

पहिले काम दुखण्याचे. कारण ठणका असताना दुसरे काहीच सुचत नाही. नर्स डॉक्टरांशी बोलते. अशा ठणक्यावर मॉर्फिन नावाचे औषध असते. ते अफूपासून काढतात. अफूचे नाव काढले की लोक भितात. १९८५ च्या कायद्यामुळे हे औषध मिळणेही फार कठीण झाले होते. २०१४ साली कायद्यात सुधारणा झाली. आता मान्यता असलेल्या रुग्णालयांतून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते मिळते. डॉक्टर सांगतील तेवढे आणि सांगतील त्या वेळेला घेतले तर दुखण्यासाठी घेणाऱ्याला त्याचे व्यसन लागत नाही. आणि त्याने मरण लवकर येत नाही. दुखणे उठण्याची वाट न पाहता घड्याळ पाहून गोळी द्यायची असते. पोट साफ होत नाही, म्हणून जोडीला पोटाचे औषध द्यावे लागते. हे सगळे समाजसेविका मुलाला आणि बायकोला पुन्हा पुन्हा समजावून सांगते, कारण औषध शेवटी त्यांच्याच हातून दिले जाणार आहे.

जखमेचेही तसेच. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने ती धुवायची. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून तिची पूड जखमेवर टाकतात. त्याने वास पुष्कळ कमी होतो. वास गेला की माणसे पुन्हा जवळ येतात. हे लहान काम नव्हे.

मग समाजसेविका सुनेला सांगते, "कर्करोग शिवल्याने होत नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही. नातवाला आजोबाजवळ बसू द्या." दुसऱ्या दिवशी पोरगा खाटेवर चढून बसतो. त्या दिवशी आजोबा गोळीशिवाय पहिल्यांदा हसतो.

सांगायचे की लपवायचे?

आता अवघड प्रश्न. बायको समाजसेविकेला बाजूला घेऊन म्हणते, "ताई, त्यायले रोगाचं नाव नका सांगू. खचून जातीन."

येथे समाजसेविका काय करते? ती बायकोला रागावत नाही. मायेपोटी ती लपवते, हे तिला कळते. पण रोग्याशी खोटेही बोलत नाही. ती त्याला विचारते, "बाबा, तुम्हाला या आजाराचे काय वाटते?"

तो थोडा वेळ आढ्याकडे पाहतो. मग म्हणतो, "मले समदं समजते, ताई. नागपूरच्या दवाखान्यात सगळे त्याच रोगाचे होते. मी काय आंधळा हाओ? पन घरचे रडतीन म्हनून मी बोलून नाही रायलो."

पाहिलेत? बायकोला माहीत. नवऱ्याला माहीत. दोघेही एकमेकांपासून लपवतात. दोघेही रात्री तोंडावर पांघरूण घेऊन निराळे निराळे रडतात. मध्ये लपवाछपवीची भिंत. समाजसेविका ती भिंत पाडत नाही. ती तिच्यात एक दार करते. ती बायकोला म्हणते, "बाई, ते जाणतात. त्यांना तुमच्याशी बोलायचे आहे. मी बाजूला बसते."

त्या संध्याकाळी दोघे बोलतात. आणि बोलल्यावर काय निघते? त्याच्या मनात तीन गोष्टी होत्या. शेताच्या धुऱ्यावरून सख्ख्या बहिणीशी नऊ वर्षे बोलणे बंद होते. पोरीने शाळा सोडली, हे मनाला लागले होते. आणि वैदूपायी शेत विकू नये, असे त्याला वाटत होते. पण आपल्याला काही माहीत नाही असे दाखवायचे होते, म्हणून तो तेही बोलू शकत नव्हता!

लपवण्याची किंमत कधी कधी दोन एकर असते, मंडळी. आपल्या जिल्ह्याला कर्ज काय असते हे कोणी शिकवायला नको.

सगळ्यांनाच सगळे ऐकायचे असते असे नाही. कोणाला नाव ऐकायचे नसते. त्याच्यावर ते लादायचे नाही. विचारायचे, आणि तो जेवढे मागेल तेवढे खरे सांगायचे. हाच नियम.

पैसा, कागद आणि शेत

मग समाजसेविका वही काढते. आता कागदांचे काम.

वैदूचे ती कसे बोलते? "बंद करा" असे ओरडत नाही. मुलाला विचारते, "त्याने बरा केलेला माणूस तू डोळ्यांनी पाहिला का? पैसे आधी मागतो की नंतर? डॉक्टरांना कागद दाखवायला तो तयार आहे का?" मुलगा स्वतःच विचारात पडतो. त्याच्या वडिलांचे मत आता त्याला कळले आहे. शेत वाचते.

उपचारासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिला रेशनकार्ड आणि आधारकार्ड लागते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला भेटायचे. निराधार आणि असाध्य रोगाच्या माणसासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिचा अर्ज तहसील कचेरीत करायचा असतो. उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरचा दाखला लागतो. कर्करोग्याला एस.टी. आणि रेल्वेच्या भाड्यात सवलत असते. धामणगाव किंवा वर्ध्याहून मुंबईची गाडी धरणाऱ्या माणसाला ती मोठी मदत होते. मुंबईला टाटा रुग्णालयाजवळ दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तेथे कर्करोगाचे रोगी आणि त्यांचे नातलग उतरतात.

शेत कोणाच्या नावाने आहे, बँकेच्या खात्याला वारस लावला आहे का, सोसायटीचे कर्ज किती, हेही ती विचारते. हे विचारणे कठोर वाटते. पण घरधनी शुद्धीवर असताना हे झाले नाही, तर मागून विधवा बाई दहा कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवते. कर्ता स्वतःच्या तोंडाने सांगून गेला, तर भावाभावांत तंटा होत नाही.

पोरीसाठी समाजसेविका शाळेत जाते. गुरुजींशी बोलते. आळीतल्या दोन बाया पाळीपाळीने दुपारी येऊन बसायला तयार होतात. पोरगी पुन्हा शाळेत जाते.

आणि बहीण? मुलगा तिला घ्यायला जातो. ती येते. धुऱ्याचा विषय कोणीही काढत नाही. ती भावाच्या पायाशी बसून राहते. एवढे पुरते.

शेवटची रात्र आणि नंतर

हा माणूस वाचत नाही. ते आपण आधीच सांगितले. दीड-दोन महिन्यांनी तो घरीच, आपल्या ओसरीवर जातो. शेवटच्या दोन दिवसांत त्याने खाणे सोडले. बायको जबरीने चमचा लावू लागली, तेव्हा समाजसेविकेने तिला समजावले, "आता शरीर अन्न मागत नाही. जबरी केली तर ठसका लागेल. ओठ ओले ठेवा, हात धरून बसा." तिने तसे केले. दुखणे नव्हते. घर जवळ होते.

पुष्कळांना वाटते की येथे समाजसेवकाचे काम संपले. नाही. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची असते. तेवढ्या मुदतीत पैसे पडत नाहीत. सात-बारावर वारसांची नावे लावण्यासाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचे. दारिद्र्यरेषेखालच्या घरचा कमावता माणूस १८ ते ५९ वयाचा असताना गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. विधवेसाठी निवृत्तिवेतन आहे. ज्या बाईला अजून सही करताना हात कापतो, तिच्याजवळ बसून समाजसेविका हे अर्ज भरते. भरताना मोठ्याने वाचून दाखवते. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, हेही सांगते.

तेरवी झाली की पाहुणे जातात. घर एकदम रिकामे होते. तेव्हा समाजसेविका पुन्हा येते. काही काम नसताना येते. तिच्या येण्याचा त्या बाईला केवढा आधार वाटतो, ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळते.

समाजसेवक काय करत नाही

हेही समजून घ्या, म्हणजे फसगत होणार नाही. खरा समाजसेवक स्वतःच्या मनाने औषध देत नाही. ते डॉक्टर-नर्सचे काम. "बरा करून देतो" असे तो कधी सांगत नाही. एका घरचे बोलणे तो दुसऱ्या घरी सांगत नाही. अर्ज भरण्याचे पैसे मागत नाही. देवाधर्मावर वाद घालत नाही.

आपला जिल्हा नाना लोकांचा आहे. पुसद-दिग्रसकडे बंजाऱ्यांचे तांडे आहेत. केळापूर, झरी, मारेगावकडे कोलामांचे पोड आहेत, गोंडांची गावे आहेत. मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, वारकरी आहेत. कोणाला तोंडात तुळशीपत्र पाहिजे, कोणाला कुराणाचे शब्द ऐकायचे असतात, कोणाला बुद्धवंदना. समाजसेवक विचारतो, "तुमच्याकडे कसे करतात?" आणि तशी सोय करतो. गोरमाटी किंवा कोलामी बोलणाऱ्या म्हाताऱ्याला मराठी नीट येत नसेल, तर त्याच्या बोलीचा माणूस सोबत आणतो. मरताना तरी माणसाला आपल्या बोलीत बोलता आले पाहिजे.

थोरांनी हेच केले

हे काम परके नाही. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला १९३९ साली परचुरे शास्त्री नावाचे संस्कृतचे पंडित आले. त्यांना महारोग झाला होता. त्या काळी महारोग्याला कोणी दारात उभे करत नसे. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले. देशाचा सारा कारभार अंगावर असताना ते स्वतःच्या हाताने शास्त्र्यांचे अंग चोळून देत.

गाडगे महाराजांनी तीर्थाच्या ठिकाणी देऊळ बांधले नाही, धर्मशाळा बांधल्या. दुखणाईत, थकलेला, गरीब माणूस हाच त्यांचा देव. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली मोझरीला गेले. त्यांना कर्करोगच झाला होता. आज नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला त्यांचे नाव आहे. म्हणून कोणाला हा रोग झाला की "काय पाप केलं असंन?" असे म्हणू नका. हा रोग साधुसंतांनाही झाला आहे.

आपण काय करावे

गावात हॉस्पिस नाही, समाजसेवक नाही, मग आम्ही काय करावे? असे तुम्ही विचाराल. पुष्कळ करता येते.

आपल्या गावच्या आशाताईला सांगा, की अमक्या घरी असा रोगी आहे. ती आरोग्य केंद्राला कळवील. वेदनाशामक सेवा आता सरकारच्या आरोग्य कार्यक्रमात धरली आहे. तेव्हा मागा. मागितल्याशिवाय मिळत नाही.

रोग्याच्या घरी जा. रिकाम्या हाताने गेले तरी चालेल. पण जाऊन उपदेश करू नका, दुसऱ्या कोणाच्या मरणाची गोष्ट सांगू नका. बसा. ऐका. जाताना घरच्या बाईला विचारा, "तुम्ही जेवलात का?" कारण सेवा करणारीकडे कोणी पाहत नाही. तिला दोन घटका झोपू द्या. तेवढा वेळ तुम्ही खाटेजवळ थांबा.

पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. बचत गटाच्या बायांनी पाळ्या लावून घ्या. एक दिवस एकीचा, एक दिवस दुसरीचा.

तुम्ही आता वाचायला शिकलात. त्या शिक्षणाचा येथे उपयोग करा. शेजाऱ्याच्या औषधाच्या चिठ्ठीवर वेळ काय लिहिली आहे, ती वाचून सांगा. अर्ज वाचून दाखवा. ज्याला दोन अक्षरे येतात, तो न येणाऱ्याचा अर्धा समाजसेवक होऊ शकतो.

आणि एक शेवटचे. गालात, जिभेवर जखम झाली, पांढरा किंवा लाल चट्टा पडला आणि दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर लगेच दाखवा. स्तनात गाठ लागली तर लाजू नका, दाखवा. लवकर सापडलेला कर्करोग पुष्कळदा बरा होतो. खर्रा सोडा. खऱ्र्याच्या पुडीने आपल्या भागात किती गाल सडवले, ते डोळ्यांनी पाहत आहोत.

मंडळी, जन्माच्या वेळी आपण एकटे नसतो. सुईण असते, माय असते, आळीच्या बाया असतात. जाण्याच्या वेळीही तसेच असावे. ज्याला आपण वाचवू शकत नाही, त्याच्याजवळ बसू तर शकतो. तुमच्या गावात आज कोणाच्या ओसरीवर खाट टाकलेली असेल. वर्ग सुटला की घरी जाताना त्या वाटेने जा.